लांब केबल, ड्राइव्ह आणि बोअरची मोटार

सौर पंपांमुळे ‘ड्राइव्ह’ नावाची पेटी आता शेतकऱ्याच्या ओळखीची झाली आहे. विजेची वारंवारता कमीजास्त करून ती मोटारीचा वेग बदलते. पण पेटी बसवल्यावर मोटार जळाली, की बोल लागतो वाइंडिंगवाल्याला. पुष्कळदा दोष त्याचा नसतो, मधल्या लांब केबलचा असतो.

तो कसा? ४१५ व्होल्टच्या लाइनवरची ड्राइव्ह आत सुमारे ५८७ व्होल्टची डी. सी. वीज तयार करते आणि तिचे तुकडे करून सेकंदाला हजारो ठोके मोटारीकडे सोडते. हौदातली लाट भिंतीवर आपटली म्हणजे तिथे पाणी दुप्पट चढते ना, तसेच इथे घडते. (शिक्षकांनी परातीत पाणी घेऊन मुलांना हे जरूर दाखवावे.) केबल लांब असली, की मोटारीच्या तोंडाशी ११०० व्होल्टांच्या वर दाब उठतो आणि बहुधा वाइंडिंगच्या पहिल्या काही वेढ्यांतच इन्सुलेशन फुटते.

यावर उपाय म्हणजे आउटपुट रिअॅक्टर, आपल्या भाषेत चोक. लोखंडी गाभ्यावर तिन्ही फेजची तीन वेटोळी, एवढीच ही वस्तू. पण ती ठोका एकदम चढू देत नाही.

चोक घेताना हॉर्सपॉवर पाहू नका, मोटारीच्या पाटीवरचे अॅम्पिअर पाहा. बोअरची मोटार तेवढ्याच हॉर्सपॉवरच्या वरच्या मोटारीपेक्षा सहसा जास्त प्रवाह घेते. बहुतेक ठिकाणी तीन टक्क्यांचा चोक पुरतो. १४ अॅम्पिअरच्या मोटारीला तो सुमारे १.६ मिलिहेन्रीचा येतो. जास्त टक्क्यांचा घेतला तर मोटारीला दाब कमी पडतो. चोक ड्राइव्हसाठी बनवलेलाच हवा, साधा फार तापतो. केबल मोजताना मंडळी बोअरच्या तोंडापर्यंतच मोजतात; आतली खोलीही धरायची, बरं का! सगळी मिळून शंभर-दीडशे मीटरपुढे गेली तर चोकवर विसंबू नये, साइन फिल्टरचा खर्च करावा.

चोक बसवायचा ड्राइव्हच्या निघत्या तारांवर, पेटीला लागून, बोअरपाशी नव्हे. तो तापतो, गुणगुणतो; भोवती वारा खेळू द्या, खताची पोती रचू नका. अर्थिंग पक्के करा. ड्राइव्ह आणि मोटार यांच्यामध्ये जुना कपॅसिटर राहिला असेल तर तो काढलाच पाहिजे, नाहीतर ड्राइव्हच जाईल. मेगर लावण्याआधी मोटारीच्या तारा ड्राइव्हपासून सोडवा. आणि वीज बंद केल्यावरही पेटीवर लिहिली असतील तेवढी मिनिटे थांबल्याशिवाय झाकण उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकी वीज शिल्लक असते.