‘अ रेझिन इन द सन’ आणि ‘वाटा पळवाटा’ : नातेसंबंधांतून आशयाकडे

प्रस्तावना :

अमेरिकन नाटक व कविता यांच्या अध्यापनात ‘अमेरिकन स्वप्न’, ‘वंशभेद’, ‘पिढ्यांमधील अंतर’ अशी आशयसूत्रे आधी सांगितली जातात आणि पात्रे त्यांची उदाहरणे म्हणून नंतर येतात. मोडनिंबसारख्या ग्रामीण परिसरातील विद्यार्थ्यास ही सूत्रे पाठ होतात. कलाकृती मात्र परकीच राहते. वास्तविक आशयसूत्र हे नातेसंबंधांतून घडत असते. प्रस्तुत लेखात लॉरेन हॅन्सबेरी यांचे ‘अ रेझिन इन द सन’ (१९५९) आणि दत्ता भगत यांचे ‘वाटा पळवाटा’ या दोन नाटकांच्या आधारे हा विचार मांडला आहे.

कवितेतील प्रश्न, नाटकातील उत्तरे :

हॅन्सबेरी यांनी नाटकाचे शीर्षक लँग्स्टन ह्यूज यांच्या ‘हार्लेम’ (१९५१) या कवितेतून घेतले. लांबणीवर पडलेल्या स्वप्नाचे पुढे काय होते, असे ही कविता विचारते. तीत एकही पात्र नाही. बहुतांशी प्रश्नच आहेत. नाटककर्तीने हा प्रश्न शिकागोतील यंगर कुटुंबात वाटून दिला. मृत पित्याच्या विम्याचे १०,००० डॉलर घरात येतात. आई लीना हिला घर हवे, मुलगा वॉल्टर यास दारूचे दुकान, तर मुलगी बेनीथा हिला वैद्यकीय शिक्षण. एकाचे स्वप्न पुरे करावयाचे तर दुसऱ्याचे लांबणीवर पडते. येथे ‘स्वप्न’ ही अमूर्त कल्पना न राहता माय-लेक व भाऊ-बहीण यांच्यातील ताण होतो.

लीना गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते. उरलेली रक्कम वॉल्टर गमावतो. त्या कुटुंबाने तेथे येऊ नये म्हणून वस्तीचा प्रतिनिधी लिंडनर पैसे देऊ करतो. वॉल्टर ते घेण्यास तयार होतो. परंतु लीना त्याच्या लहान मुलास तेथेच थांबविते आणि मुलाच्या देखत वॉल्टर नकार देतो. स्वाभिमानाचे सूत्र पितापुत्राच्या नात्यातून सिद्ध होते ते असे.

‘वाटा पळवाटा’ :

दत्ता भगत यांच्या नाटकातही निवाऱ्याचा प्रश्न आहे. तो पूरग्रस्त दलितांचा. काका, प्राध्यापक सतीश व तरुण अर्जुन या तीन पिढ्या आंबेडकरी विचाराचा वारसा तीन प्रकारे समजून घेतात. एकास जी वाट वाटते तीच दुसऱ्यास पळवाट भासते. सतीशची पत्नी हेमा ब्राह्मण आहे. म्हणजे यंगर कुटुंबात जो ‘दुसरा’ समाज दार ठोठावून आत येतो, तो येथे घरातच नांदतो. त्यामुळे जातीचा प्रश्न दांपत्यजीवनातही उभा राहतो.

साम्याची मर्यादा :

दलित साहित्याची कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी तुलना नवी नाही. म. ना. वानखडे यांनी ती आग्रहाने मांडली, तर १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. तथापि वंश आणि जात एकरूप मानणे योग्य नव्हे. अमेरिकेतील वस्त्यांची सीमा अनेक ठिकाणी करारपत्रांनी आखली होती. हॅन्सबेरी यांच्या वडिलांचा अशाच कराराविरुद्धचा दावा १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. आपल्याकडे ती सीमा गावकुसाने व विटाळाच्या कल्पनेने आखली. लिंडनर व्यवहाराची भाषा बोलतो. जात मात्र विवाह व पाणवठा यांपर्यंत पोहोचते.

निष्कर्ष :

घर कोणाच्या पैशाने, कोणाच्या नावे आणि कोणत्या वस्तीत, हे प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांना परिचित आहेत. अध्यापनाचा प्रारंभ तेथून केल्यास परकी कलाकृती समजू लागते. पात्रे एकमेकांपासून काय मागतात व काय नाकारतात, हे प्रथम पाहावे. आशयसूत्रास नाव त्यानंतर द्यावे. साम्याने कलाकृतीत प्रवेश मिळतो, भेदाने तिचे आकलन पक्के होते.