काठी, मूठ आणि स्क्रू : तारेचा सूर वाकवण्याच्या तऱ्हा

खान्देशातल्या तमाशात तुणतुणे वाजते ते एकाच सुरात. तळाला कातडे मढवलेले लाकडी भांडे, त्याच्या अंगाला खिळलेली काठी, काठीच्या टोकाला खुंटी आणि खुंटीपासून कातड्यापर्यंत एक तार. खुंटी पिळून सूर लावला की तो हलत नाही. आता कल्पनेने ती काठी काढून टाका. भांडे काखेत धरा, तारेचे मोकळे टोक मुठीत घ्या. मूठ ताणली की सूर चढेल, ढिली केली की उतरेल. यल्लम्मा-रेणुकेच्या जोगत्यांचे चौंडके याच तत्त्वावर बोलते. इलेक्ट्रिक गिटारला जोडली जाणारी सूर वाकवण्याची यंत्रेही त्याच तत्त्वावर चालतात.

तारेची लांबी तीच ठेवून ताण वाढवला तर कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. सा वरून शुद्ध रे गाठायला ताण सुमारे २७ टक्के वाढवावा लागतो. पंचम गाठायला सव्वादोन पट. सतारीवर हे काम बोट करते. रुंद दांडीवरच्या उंच, कमानदार पडद्यावर वादक तार आडवी ओढतो आणि एकाच पडद्यावरून पंचमापर्यंतची मींड काढतो. गिटारची दांडी अरुंद, म्हणून तिथे यंत्र आले.

पहिली तऱ्हा दांड्याची. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला पॉल बिग्जबी यांचा स्प्रिंगवरचा दांडा प्रचारात आला. १९५४च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरमध्ये तर दांडा दाबला की अख्खी घोडीच कलते. दोन्हींत सगळ्या तारा एकदम हलतात, पण सारख्या प्रमाणात नाही. त्यामुळे स्वरमेळ विस्कटतो. शिवाय खुंट्यांजवळच्या खाचेत तार अडकली तर ती मूळ सुरावर परतत नाही. फ्लॉइड रोझ यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस तारा दोन्ही टोकांना आवळून हा दोष काढला. मात्र अशी घोडी स्प्रिंगांवर तरंगती ठेवली, तर एक तार बोटाने ओढताच बाकीच्या उतरतात.

दुसरी तऱ्हा एकाच तारेची. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात क्लॅरन्स व्हाइट आणि जीन पार्सन्स यांनी बी-बेंडर तयार केला. गिटारची मान खाली दाबली की खांद्यावरचा पट्टा आतली तरफ ओढतो आणि दुसरी तार एक पूर्ण स्वर चढते. बाकीच्या तारा जागच्या जागी राहतात. तार किती चढावी ते मात्र आधीच स्क्रूने ठरवलेले असते.

आपल्या संगीताच्या कसोटीवर यांतले कोणते उतरते? मींड म्हणजे नुसते इकडून तिकडे घसरणे नव्हे. दरबारीचा गंधार आंदोलत राहतो. तो कुठे रेंगाळेल हे कान ठरवतो. त्याच वेळी शेजारी षड्ज अढळ हवा. म्हणजे अटी दोन : एक सूर मोकळा, दुसरा स्थिर. दांड्याचे यंत्र मोकळीक देते, पण षड्जही हलवते. बी-बेंडर षड्ज सांभाळतो, पण त्याची सारी रचना ठरलेल्या मुक्कामी पोचण्यासाठी आहे. सतारीचे बोट दोन्ही अटी पाळते.

पं. ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटारवर राग वाजवले ते हवाईयन पद्धतीने, तारेवर धातूची कांडी सरकवून. तिथे ताण बदलतच नाही, बदलते ती तारेची वाजती लांबी. त्यामुळे स्वराच्या तारा मोकळ्या तारांना धक्का लावत नाहीत.

म्हणून ऑर्केस्ट्रातल्या होतकरू वादकाने यंत्र घेण्यापूर्वी एवढेच तपासावे : एक तार वाकवताना माझा षड्ज जागेवर राहतो का, आणि वाकलेला सूर मला हवा तिथे थांबवता येतो का?

आपल्या लोकवाद्यांनी ही कामे वाटून घेतली आहेत. तुणतुण्याने सूर धरून ठेवायचा, चौंडक्याने तो वाकवायचा. चौंडक्याला स्क्रू नाही. मूठ किती ताणायची हे वाजवणाऱ्याच्या कानालाच ठाऊक. त्याला नुसते जत्रेतले वाद्य समजून पुढे जाणे हा आपल्या वाद्यविचाराचा तोटा आहे.