लिहायला शिकवायचे कोणी?

२०२३ च्या सुरुवातीला पुण्यात स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. राज्यसेवेची मुख्य परीक्षा यापुढे वर्णनात्मक होणार, म्हणजे पर्यायांना खुणा न करता उत्तरे लिहावी लागणार, हा बदल २०२५ पासून करा, अशी त्यांची मागणी होती. आयोगाने ती मान्य केली. वर्षानुवर्षे एका पद्धतीने केलेला अभ्यास वाया जाईल, हे विद्यार्थ्यांचे म्हणणे रास्तच होते. पण त्याच्या खाली आणखी एक भीती होती, तिच्याविषयी कोणी बोलले नाही. विद्यापीठाची पदवी हाती असलेल्या तरुणाला स्वतःच्या शब्दांत चार परिच्छेद लिहायचे म्हटले की धडकी का भरते?

दोष त्याचा नाही. त्याला लिहायला कोणी शिकवलेच नाही.

घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली आपली मुले-मुली बहुधा कला शाखेत जातात. फी कमी, कॉलेज जवळ, शिवाय रोजगार सांभाळून शिकता येते. तेथे काय मिळते? प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावर राबणारा शिक्षक तीन कॉलेजे फिरून दमलेला, आणि परीक्षेच्या तोंडावर बाजारातले गाईड. उत्तरपत्रिकेवर गुणांचा आकडा पडतो. हे वाक्य का चुकले, हा मुद्दा कशावरून मांडला, असे समासात लिहिणारा विरळाच. आणि त्या शिक्षकाला तरी दोष किती द्यावा? २०१२ पासून नेट परीक्षेचे सगळेच पेपर पर्यायी उत्तरांचे झाले. मराठी किंवा इतिहास शिकवायला पात्र ठरण्यासाठी एक परिच्छेदही लिहावा लागत नाही!

येथे जातीचा प्रश्न येतो. ज्या घरात तीन पिढ्या वर्तमानपत्र वाचले जाते, तेथे निबंध वडील तपासतात, अर्ज मामा लिहून देतो, मावशी प्राध्यापक असते. विद्यापीठाने लेखन शिकवले नाही तरी त्या मुलाचे फारसे अडत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या मुलीचे अडते. विद्यापीठाने हे काम सोडून दिले, म्हणजे ते घरावर टाकले. आणि आपल्या देशात घर म्हणजे जात.

बाबासाहेबांचे लेखन म्हणजे केवळ दैवी देणगी, असे मानणारे आपल्यातही आहेत. हा समज बाबासाहेबांच्या कष्टांवर अन्याय करणारा आहे. कोलंबियात १९१३ ते १९१६ या काळात अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र हे विषय त्यांनी घेतले. भारतातील जातींवरचा त्यांचा निबंध ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात वाचला गेला आणि पुढच्या वर्षी छापून आला. म्हणजे वर्गात लिहायचे, जाणकारांसमोर वाचायचे, प्रश्न झेलायचे, मग छापायचे. लंडनला रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला. बाबासाहेबांनी मुंबईत बसून तो पुन्हा लिहिला आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळवली. त्यांचे शिक्षक एडविन कॅनन यांना त्यातली काही मते पटलेली नव्हती, तरी ग्रंथाला प्रस्तावना त्यांनीच लिहिली. असा वाचणारा गुरू आज आपल्या किती संशोधकांच्या वाट्याला येतो?

निजामी राजवटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मराठवाड्यात बाबासाहेबांनी १९५० साली मिलिंद महाविद्यालय काढले. तेथे खेड्यापाड्यांतील मुलांना नुसते वर्गात बसवले गेले नाही. प्राचार्य म. भि. चिटणीसांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि विद्यार्थ्यांनी ते रंगमंचावर आणले. त्याच परिसरात शिकवणाऱ्या गंगाधर पानतावणेंनी 'अस्मितादर्श' अखेरपर्यंत, म्हणजे २०१८ पर्यंत चालवले. नवख्या लेखकाला आपला मजकूर पाठवता येईल, अशी एक जागा त्यामुळे तयार झाली. दलित साहित्याची चर्चा करताना या कॉलेजचा उल्लेख आपण गौरवाने करतो, पण तेथील रोजच्या कामाची पद्धत विसरतो.

यावर कोणी म्हणेल, अण्णाभाऊ कुठे विद्यापीठात गेले होते? नामदेव ढसाळांना लिहायला कोणी शिकवले? बरोबर आहे. पण प्रश्न महाकवी घडवण्याचा नाही. प्रश्न गावात अत्याचार झाल्यावर ठाण्यात दिल्या जाणाऱ्या फिर्यादीचा आहे. अॅट्रॉसिटी कायद्यात जातिवाचक अपमानाचा गुन्हा ठरायचा तर तो लोकांच्या नजरेसमोर घडला, हे दिसावे लागते. कुठे घडले, कोणते शब्द वापरले, समोर कोण कोण होते, हे फिर्यादीत नेमके आले नाही तर आरोपीच्या वकिलाला आयते दार सापडते. रागाने थरथरणाऱ्या माणसाचे बोलणे क्रमवार कागदावर उतरवणारा एक पदवीधर वस्तीत असणे, हे एखाद्या मोर्चाइतकेच मोलाचे आहे. माहिती अधिकाराचा अर्ज, शिष्यवृत्ती अडल्याची तक्रार, ग्रामसभेचा ठराव, हीच गोष्ट सगळीकडे.

आता मुले मोबाइलवरच्या यंत्राकडून अर्ज लिहून घेतात. घेऊ देत. पण त्या यंत्राला आपली वस्ती ठाऊक नाही, आणि त्याने लिहिलेले बरोबर की चूक हे ओळखायलाही लिहिता यावेच लागते.

आपल्या मतांवर सिनेटमध्ये निवडून गेलेल्यांनी पुढच्या बैठकीत एवढे तरी विचारावे: कला शाखेच्या विद्यार्थ्याचे किती लेखन वर्षभरात शिक्षक शेरे मारून परत देतो आणि किती वेळा ते पुन्हा लिहून घेतो? त्यासाठी कायम शिक्षकांच्या किती जागा भरल्या? उत्तर येईपर्यंत वसतिगृहांतील आणि विहारांतील अभ्यासिकांनी थांबण्याचे कारण नाही. रविवारी एकाने दोन पाने लिहून आणावीत, इतरांनी ती मोठ्याने वाचून लाल शाई वापरावी आणि पुढच्या रविवारी तीच पाने नव्याने लिहून मागावीत.