नाशिकमध्ये घडलेली स्कॉर्पिओ

महिंद्राने 1947 मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला घेतल्या आणि पुढची कित्येक दशकं कंपनीच्या गाड्यांवर त्या जीपचाच ठसा राहिला. अर्माडा, बोलेरो दणकट होत्या, पण शहरातल्या कुटुंबाने कारऐवजी घ्यावी अशी गाडी कंपनीकडे नव्हती. नव्वदच्या दशकात फोर्डशी भागीदारी झाली, नाशिकला एस्कॉर्ट तयार होऊ लागली. आधुनिक मोटार कशी घडते, हे तिथे जवळून पाहायला मिळालं.

डॉ. पवन गोएंका 1993 मध्ये जनरल मोटर्सची अमेरिकेतली नोकरी सोडून महिंद्राच्या नाशिकच्या संशोधन विभागात आले. स्कॉर्पिओसाठी त्यांच्या नेतृत्वाखाली जमलेला चमू सुमारे 120 जणांचा, सरासरी वय अवघं 27. खर्च साधारण 550 कोटी रुपये. जागतिक कंपन्या नव्या मॉडेलवर याच्या कितीतरी पट पैसा ओतत असत.

मला या चमूचं सर्वांत मोठं शहाणपण वाटतं ते हे, की आपण काय करायचं नाही हे त्यांनी आधी ठरवलं. एरवी कंपनी ड्रॉइंग काढणार आणि पुरवठादार त्याबरहुकूम भाग बनवून देणार, अशी रीत. इथे पुरवठादारालाच सांगितलं गेलं की अपेक्षा या, किंमत एवढी. डिझाइन तुम्ही करा आणि चाचण्यांची जबाबदारीही घ्या. पेट्रोल इंजिन रेनॉचं घेतलं. नाशिककरांनी स्वतःकडे ठेवलं ते हे सगळं एकमेकांशी जुळवण्याचं काम, आणि तेच सर्वांत अवघड. दरवाजाची फट, स्टिअरिंगची थरथर, केबिनमधला आवाज यांचा दोष कुठल्या एका सुट्या भागावर ढकलता येत नाही.

जून 2002 मध्ये गाडी बाजारात आली. 2.6 लिटरचं टर्बो डिझेल इंजिन, 109 अश्वशक्ती, किंमत साडेपाच लाखांच्या आसपासपासून. जाहिरातीत महिंद्राचं नाव मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण जीपवाल्यांची म्हणून लोकांनी ती आधीच निकालात काढू नये. उंच बांध्यामुळे ती वळणावर झुकायची, हे खरं. तरी त्या पैशात एवढी ऐसपैस, रुबाबदार गाडी दुसरीकडे मिळत नव्हती.

2008 मध्ये 2.2 लिटरचं एमहॉक इंजिन आलं, 2014 मध्ये नवी चॅसी. 2022 मध्ये चाकणला तयार होणारी स्कॉर्पिओ-एन आली, तेव्हा पहिल्या अर्ध्या तासात लाखभर बुकिंग झालं. जुनी मात्र बंद केली नाही. तीच ‘क्लासिक’ या नावाने नव्या गाडीशेजारी विक्रीला ठेवली.