महाबलासुराच्या मनात होतं तरी काय?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा व्हिडिओ गेम ऑगस्ट २०२० मध्ये आला, जगभर गाजला आणि ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी नामांकन मिळवून गेला. हे सगळं छापून आलेलं आहे. छापून न आलेला भाग खानदेशातला. जळगावच्या होस्टेलांत ज्या पोरांनी हा गेम रात्री जागून संपवला, त्यांच्या गप्पांना मी बसलेलो आहे. नायिका राजीच्या पराक्रमावर दोन मिनिटं, आणि तिच्या भावाला, गोलूला, पळवणाऱ्या महाबलासुरावर पहाटेपर्यंत!

गेमचं अधिकृत उत्तर सरळ आहे. हजार वर्षांपूर्वीच्या महायुद्धात असुर हरले, त्याचा हा सूड. जळगावच्या गटाला ते पटलेलं. धुळ्याचा एक पाहुणा मात्र अडून बसला : सूड घ्यायचा तर देवांवर जावं, लेकरांना कशाला उचलायचं? त्याचा तर्क असा, की पंचमहाभूतांना हाताळायची विद्या माणसं विसरली, हे गेमच सांगतो. ती विद्या पुन्हा शिकतील तर लहान मुलंच. म्हणजे महाबलासुर रागावलेला नाही, घाबरलेला आहे. खोलीत क्षणभर शांतता. मग कोपऱ्यातून आवाज आला, “आन् तरी भाऊ नेला, बहीण मागं ठेवली!” दुर्गेचा त्रिशूळ त्या बहिणीच्याच हाती आला.

पुढचा किस्सा पैशांचा. २०१७ मध्ये या गेमसाठी किकस्टार्टरवर एक लाख वीस हजार पौंडांचं आवाहन झालं आणि ते फसलं. तरीही मंडळींनी गेम पुरा केला, ही मोठीच जिद्द. गेम आल्यावर अनेक समीक्षकांनी लिहिलं की तो छोटा आहे आणि शेवट एकदम येतो. इथून पुढचा अंदाज माझा : तिजोरी आटली की कुणाचे प्रवेश आधी कापले जातात, हे नाटकवाल्यांना वेगळं सांगायला नको. महाबलासुराचा खरा हेतू कदाचित कुणी लपवलेलाच नसेल. तो दाखवायला पैसे उरले नसतील.

आपल्या पुराणांना अशी काटकसर करावी लागली नाही. देवीभागवतातला महिषासुर घ्या. रंभ आणि करंभ हे दोघे असुर भाऊ पुत्रप्राप्तीसाठी तप करत होते. करंभ पाण्यात उभा होता. इंद्राने मगरीचं रूप घेऊन त्याला तिथेच मारलं. शोकाने वेडा झालेला रंभ स्वतःचं मुंडकं अग्नीला वाहायला निघाला, तेव्हा अग्नीने त्याला थांबवून अजिंक्य पुत्राचा वर दिला. तो पुत्र महिषासुर. ही कथा मी त्या पोरांना सांगितली, तेव्हा धुळ्याचा पाहुणा उठूनच बसला. पहिला वार असुराचा नव्हताच!

आणि शेवटचा किस्सा सप्तशृंगगडाचा. चैत्रात खानदेशातून पायी निघणाऱ्या दिंड्या सर्वांना ठाऊक आहेत, देवीच्या अठरा भुजाही. पण पायऱ्या सुरू होतात तिथे महिषासुराचं दगडी शिर आहे. नाकपुड्यांपर्यंत शेंदूर, कपाळावर कुंकवाचे थर, पुढ्यात नाणी. दिंडीतला एक पोरगा नारळ घेऊन घाईघाईने पायऱ्यांकडे वळला, तर मागून दिंडीतल्याच एका आक्कांनी दटावलं, “त्याना बी पाया पड रे. तो बी आपलाच शे.” ज्याला मारण्यासाठी देवी प्रकटली, त्याला हात जोडल्याशिवाय आक्का तिच्या दर्शनाला जाऊ देईनात.

महाबलासुराच्या हेतूवर रात्री जाळणाऱ्या पोरांना म्हणूनच मी रिकामटेकडी म्हणत नाही. असुराच्या दुःखाला जागा देणं म्हणजे त्याच्या पापाला माफी देणं नव्हे. त्याला भाऊ-बाप, अपमान आणि भीती असते, तेव्हाच देवीला त्याच्यावर शस्त्र उचलणं जड जातं आणि तिचा विजय मोठा होतो. दगडी भिंत फोडण्यात कसलं आलंय शौर्य? आपल्या मातीतले गेम आता बनू लागले आहेत, ते वाढोत. पण पुढचा असुर रंगवायला बसण्याआधी त्याच्या लेखकांनी एकदा चैत्रात धुळ्याहून गडाची वाट धरावी, आणि वाटेत आक्कांशी बोलावं.