वसा प्रतिरोपण, सौंदर्यवर्धक

शरीराच्या एका भागातील वसा (चरबी) काढून घेऊन ती त्याच व्यक्तीच्या दुसऱ्या भागात आकार वा पुष्टता आणण्यासाठी अंतःक्षेपित करण्याच्या (टोचून भरण्याच्या) शस्त्रक्रियेस सौंदर्यवर्धक वसा प्रतिरोपण म्हणतात. चेहरा, स्तन व नितंब ही प्रतिरोपणाची प्रमुख स्थाने होत. वसा रुग्णाच्याच शरीरातील असल्यामुळे शरीर तिचा त्याग करीत नाही. यामुळे ही शस्त्रक्रिया निर्धोक आहे, असा समज आढळतो. परंतु तो बरोबर नाही. भरलेली वसा कोणत्या थरात जाते व रक्तवाहिनीत शिरते की काय, यांवर रुग्णाची सुरक्षितता अवलंबून असते.

इतिहास : जर्मन शस्त्रक्रियाविशारद गुस्ताफ नॉइबर यांनी १८९३ मध्ये हातातील वसेचे लहान तुकडे चेहऱ्यावरील खोलगट व्रण भरून काढण्यासाठी वापरले. १८९५ मध्ये चेर्नी यांनी वसार्बुद (वसेची निरुपद्रवी गाठ) वापरून स्तनातील उणीव भरून काढली. १९७०–८० या दशकात इटली व फ्रान्समध्ये वसाचूषणाचे तंत्र विकसित झाले आणि वसा मोठ्या प्रमाणावर उपलब्ध होऊ लागली. पुढे अमेरिकेतील सिडनी कोलमन यांनी ती अल्प मात्रेत अनेक थरांत भरण्याची पद्धत प्रचलित केली.

पद्धती : पोट, मांड्या इ. भागांत लिडोकेन व ॲड्रेनॅलीन मिसळलेला लवणविद्राव भरून बोथट नलिकेने वसा शोषून घेतात. ती निवळून किंवा केंद्रोत्सारक यंत्रात फिरवून रक्त व तेल वेगळे करतात आणि पिचकारीने इष्ट स्थानी भरतात. नव्या रक्तवाहिन्या तयार होईपर्यंत वसापेशींना भोवतालच्या ऊतकांतून (समान रचना व कार्य असलेल्या पेशींच्या समूहांतून) झिरपणाऱ्या ऑक्सिजनावरच जगावे लागते. त्यामुळे एकाच ठिकाणी साठलेल्या मोठ्या गोळ्याच्या मध्यभागातील पेशी मरतात. मृत वसेपासून तैलयुक्त पुटी, कठीण गाठी व कॅल्शियमाचे साठे तयार होतात. स्तनातील अशा गाठींमुळे कर्करोगाच्या निदानात संभ्रम होऊ शकतो. याच कारणास्तव अमेरिकेतील प्लॅस्टिक शस्त्रक्रियातज्ञांच्या संघटनेने १९८७ मध्ये स्तनांतील वसा-अंतःक्षेपणास विरोध दर्शविला होता. अधिक अनुभवानंतर २००९ मध्ये ही भूमिका सौम्य करण्यात आली.

गंभीर धोके : सर्वांत घातक उपद्रव म्हणजे फुप्फुसातील वसा-अंतर्कीलन (वसेने रक्तवाहिनी बंद होणे) होय. नितंबाच्या स्नायूंखाली मोठ्या, पातळ भित्तीच्या नीला असतात. नलिका स्नायूत शिरून नीलेस इजा झाल्यास दाबाखाली भरलेली वसा तीत शिरते आणि अधोमहानीलेतून हृदयाच्या उजव्या भागात व तेथून फुप्फुस-रोहिणीत पोहोचते. रक्तातील ऑक्सिजन व रक्तदाब एकाएकी घटतो आणि काही मिनिटांतच मृत्यू येऊ शकतो. या अवस्थेवर खात्रीशीर उपाय नाही. प्लॅस्टिक शस्त्रक्रिया संघटनांच्या संयुक्त कृतिगटाने २०१८ मध्ये नितंबातील वसा प्रतिरोपणाचा मृत्युदर सु. ३,००० शस्त्रक्रियांमागे १ असा अंदाजिला. सौंदर्यवर्धक शस्त्रक्रियांत तो सर्वाधिक होता. मृतांच्या शवपरीक्षांत नितंबस्नायूंत वसा आढळली. केवळ त्वचेखालील थरातच वसा असलेला एकही मृत आढळला नाही.

चेहऱ्यावर, विशेषतः भुवयांमधील भागात व नाकाजवळ, वसा रोहिणीत शिरल्यास ती दाबामुळे उलट दिशेने नेत्ररोहिणीपर्यंत जाते. जालपटलाचा (दृष्टिपटलाचा) रक्तपुरवठा थांबून कायमचे अंधत्व येऊ शकते. मेंदूच्या रोहिणीत अडथळा आल्यास पक्षाघात होतो. यांखेरीज जंतुसंक्रामण, रक्तस्राव, खोल नीलांतील रक्तक्लथन, लिडोकेनाची विषबाधा व नलिकेने उदरभित्ती भेदली जाणे हे उपद्रवही संभवतात.

प्रतिबंध : नितंबात वसा केवळ त्वचेखालील थरातच भरावी, स्नायूचे आवरण ओलांडू नये, हा मूलभूत नियम होय. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याने २०१९ मध्ये स्नायूंत वसा भरण्यास मनाई केली. तथापि नलिकेचे टोक हाताच्या अंदाजाने चालविताना ते नकळत खोल जाऊ शकते. म्हणून २०२३ च्या कायद्याने तेथे श्रवणातीत ध्वनीच्या साहाय्याने नलिकेचे स्थान पाहणे बंधनकारक केले. ब्रिटनमधील सौंदर्यवर्धक प्लॅस्टिक शस्त्रक्रियातज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये आपल्या सदस्यांना ही शस्त्रक्रिया न करण्याचा सल्ला दिला होता. २०२२ मध्ये याच अटींवर तिला अनुमती देण्यात आली. चेहऱ्यासाठी बोथट नलिका वापरणे, नलिका मागे घेत असताना अत्यल्प वसा कमी दाबाने सोडणे, ही खबरदारी आवश्यक असते.

ही शस्त्रक्रिया बहुधा निरोगी व्यक्तीवर होत असल्याने रोगनिवारणासाठी पत्करला जाणारा धोका येथे समर्थनीय ठरत नाही. प्रशिक्षित शस्त्रक्रियातज्ञ, शुद्धिहरणतज्ञ व अतिदक्षतेची सोय असलेले रुग्णालय निवडणे, तसेच वसा कोणत्या थरात भरली जाणार आहे याची संमतीपूर्वी स्पष्ट माहिती घेणे इष्ट होय. शस्त्रक्रियेनंतर धाप, छातीत दुखणे, गोंधळलेली मनःस्थिती वा दृष्टी मंदावणे ही लक्षणे दिसल्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.