जनरंजन आणि गुणवत्ता : मराठी नाट्यपदांच्या निमित्ताने

मतंगाच्या ‘बृहद्देशी’त रागाची जी व्याख्या आढळते तिच्यात, स्वर व वर्ण यांनी भूषित झालेल्या ध्वनिविशेषाने जनांच्या चित्ताचे रंजन केले पाहिजे, अशी अट अंतर्भूत आहे. पुढे तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त देशी संगीताचे लक्षण सांगताना निरनिराळ्या प्रदेशांतील लोकांच्या हृदयाला आवडणे हाच त्याचा विशेष मानला. ज्या शास्त्राच्या नावाने लोकप्रिय गाण्याला हिणवले जाते, त्या शास्त्रानेच श्रोत्याला असे व्याख्येत स्थान दिले आहे. परंतु शार्ङ्गदेवाने गायकांचे पाच प्रकार सांगितले, त्यांत श्रोत्यांना रिझवणारा ‘रंजक’ हा केवळ एक आहे. शिक्षाकार, अनुकार, रसिक आणि भावक हे इतर चार. रंजन ही रागाची अट आहे. किती जणांचे रंजन झाले हे त्याचे मोजमाप नव्हे. अट आणि मोजमाप यांतील हा भेद मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासात विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळतो.

अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ 1880 मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले. त्यातील व 1882 च्या ‘सौभद्रा’तील पदांना साकी, दिंडी, लावणी, कीर्तनातील पदे, कानडी पदे अशा परिचित चाली होत्या. श्रोत्यांच्या कानांत आधीच असलेले सूर त्यांना नव्या प्रसंगी ऐकू आले, हे त्या यशाचे एक कारण होय. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमाना’पासून (1911) चित्र पालटले. गोविंदराव टेंबे यांनी त्यात ठुमरी, दादरा, कजरी या पूरब ढंगाच्या चाली आणल्या, आणि 1916 च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांनी थेट ख्यालाच्या बंदिशींवर पदे बांधली. भास्करबुवांनी फैज महंमदखाँ, नत्थनखाँ व अल्लादियाखाँ यांच्याकडे तालीम घेतलेली होती. मूठभर जाणकारांच्या बैठकीत गायिली जाणारी विद्या यमन, भीमपलास, बिहाग या रागांतील पदांच्या रूपाने पिटातल्या प्रेक्षकापर्यंत गेली. त्या प्रेक्षकाला रागाचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण चाल त्याच्या तोंडी बसली. बंदिश तीच राहिली. बदलला तो विस्तार, बदलले ते शब्द आणि स्थळ. तेव्हा बैठकीतले ते उच्च आणि नाटकगृहातले ते सवंग, असे म्हणणाऱ्याला एकाच स्वररचनेविषयी दोन परस्परविरुद्ध निवाडे द्यावे लागतात.

त्या काळच्या लोकप्रियतेचे माप म्हणजे ‘वन्समोअर’. हे माप मात्र फार घोटाळ्याचे आहे. बालगंधर्वांच्या पदाला वन्समोअर मिळे तेव्हा प्रेक्षक नेमकी कशाला दाद देत होता? आवाजाला, अभिनयाला, चालीला, की ज्याचे अनुकरण घरोघरच्या स्त्रिया करीत त्या वेशभूषेला? शब्दांना तर ती क्वचितच असावी. खाडिलकरांची पदे काव्यदृष्ट्या क्लिष्ट आहेत, हा आक्षेप जुना असून बऱ्याच अंशी खराही आहे. बांधलेल्या चालीत अक्षरे बसवताना अन्वयाची ओढाताण झाली, आणि तरीही ती पदे घरोघरी गायिली गेली. लोकप्रियता नेहमी असा एकगठ्ठा निर्णय देते; त्या गठ्ठ्यातील कोणता घटक चांगला आणि कोणता नुसता सोबतीला आलेला, हे ती सांगत नाही. शिवाय जे पद गाणे म्हणून उत्तम ते नाट्यपद म्हणून उत्तम असेलच असेही नाही. वन्समोअरांनी प्रसंगाची गती थांबे, प्रयोग उत्तररात्रीपर्यंत लांबत, आणि नायिकेचा शोक तिसऱ्यांदा ऐकताना शोकाचा मागमूस उरत नसे. 1933 साली ‘आंधळ्यांची शाळा’ने पदांची संख्या आखडती घेतली, ती या अतिरेकाचीच प्रतिक्रिया होती.

हा गठ्ठा सोडवण्याचा एक मार्ग कालांतराने आपोआप उपलब्ध झाला. नट गेले, शालू गेले, नाटकांचे प्रयोग विरळ झाले. तरी काही पदे उरली. किराणा घराण्याच्या अब्दुल करीमखाँनी ‘मानापमाना’तील पदे ध्वनिमुद्रित केली. त्यांची मराठी कानाला परकी वाटते, परंतु चालीला त्यामुळे काहीही उणेपण येत नाही. कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांची पदे त्यांची नक्कल न करता स्वतःच्या गायकीतून मांडली. भीमसेन जोशींच्या मैफलीतही नाट्यपदाला स्थान होते. दुसऱ्या कंठात, दुसऱ्या घराण्यात, कथानकाचा आधार नसताना जे पद उभे राहते त्याच्या रचनेतच काही सत्त्व आहे, असे मानावयास हरकत नाही. हीही लोकप्रियताच, पण ती गर्दीने नव्हे, गाणाऱ्यांनी दिलेली. एका रात्रीच्या टाळ्यांहून तिचे साक्षीमूल्य निश्चितच अधिक.

अर्थात ही कसोटीही सर्वत्र लागू पडत नाही. अल्लादियाखाँच्या गायकीतील अनवट राग सर्वांच्या गळ्यात उतरले नाहीत. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर अशा थोड्यांनीच ते पेलले. प्रसार अल्प म्हणून ते कमअस्सल ठरत नाहीत. केसरबाईंची भैरवी 1977 मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अंतराळात गेली, तीही खपाच्या आकड्यांवरून निवडलेली नव्हती.

उलट दिशेची चूकही तितकीच ठळक आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री असताना 1952 पासून आकाशवाणीवरून चित्रपटगीते हटली. श्रोता त्यामुळे रागसंगीताकडे वळला नाही. तो रेडिओ सिलोनकडे गेला, आणि 1957 च्या ऑक्टोबरात ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. बहुसंख्यांना आवडते म्हणून वाईट, हा तर्क बहुसंख्यांना आवडते म्हणून चांगले, या तर्काइतकाच पांगळा आहे. अशोक दा. रानडे यांनी आदिम, लोक, कला, भक्ती, जनसंगीत अशा कोटी वेगळ्या मानल्या त्याचा उपयोग येथे होतो. जनसंगीताला ख्यालाच्या विस्ताराची मोजपट्टी लावू नये; मात्र जनसंगीतातही बेतलेले आणि बेतशुद्ध यांत फरक असतो आणि तो खपाच्या आकड्यांत दिसत नाही.

पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ (1967) या नाटकाचा विषयच दोन घराण्यांच्या गायकीतील स्पर्धा आहे. त्याला संगीत देणाऱ्या जितेंद्र अभिषेकींनी जुन्या वन्समोअरी विस्ताराला फाटा दिला व पद प्रसंगाशी घट्ट जखडले; वसंतराव देशपांड्यांच्या गळ्याची जात ओळखून त्यांनी काही चाली बांधल्या. त्या चाली वसंतरावांपाशीच संपल्या नाहीत. 2015 च्या चित्रपटात अभिषेकींची काही पदे दुसऱ्या कंठांतून आली, त्यांच्या शेजारी शंकर-एहसान-लॉय यांची नवी गीतेही आली, आणि दोहोंना भरघोस प्रेक्षक मिळाला. जुनी पदे तोवर मैफलीत रुळलेलीच होती. नव्यांपैकी कोणती तेथवर जातात, हे अजून ठरावयाचे आहे.